टीएमआय: ‘नको तेवढी माहिती’ नक्की कुणाला नको असते?



पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी विभागाच्या सेमिनारमध्ये मी दोन चुका केल्या. पहिली सगळ्यांसमोर पकडली गेली. लोक हसले, मीही हसले. दुसरी चहाच्या वेळी एका ज्युनियर मुलीने मला बाजूला घेऊन दाखवली, आणि तेव्हा कुणीच हसलं नाही. आज दोन्ही सांगते. कारण तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहिताय, आणि ‘विषय इंटरनेटवरचा आहे, म्हणजे साहित्य आयतंच मिळणार’ असं वाटण्याचे हेच दिवस असतात. मलाही तसंच वाटलं होतं.

माझा विषय इंटरनेटवरच्या बोलीतल्या शब्दांचा इतिहास. त्या दिवशीचा शब्द होता ‘टीएमआय’, म्हणजे ‘टू मच इन्फर्मेशन’ची आद्याक्षरं. मैत्रीण चॅटवर आपल्या पोटाच्या तक्रारीचं साग्रसंगीत वर्णन करायला लागली की आपण टाइप करतो, ‘टीएमआय!’ मराठीत सांगायचं तर, ‘बाई गं, एवढं नव्हतं विचारलं.’ शब्द छोटा आहे, थट्टेतला आहे. यावर कसला इतिहास लिहायचा, असं मला खूप जणांनी विचारलंय. तर बघू या.

आलेखाने केलेली फजिती

गूगलचं एनग्रॅम व्ह्यूअर तुम्ही वापरलं असेल. २०१० च्या डिसेंबरमध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. स्कॅन केलेल्या लाखो पुस्तकांत एखादा शब्द कोणत्या वर्षी किती प्रमाणात येतो, याचा आलेख ते क्षणात काढून देतं. मी इंग्रजीतली ती तीन अक्षरं टाकली. रेष बरीच वर्षं तळाशी रेंगाळत होती आणि १९७० चं दशक संपता संपता सरळ वर गेली. मी खूश. स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहून टाकलं: ‘शब्दाचा उदय, १९८० च्या आसपास.’

गाईड सरांनी शांतपणे विचारलं, “तेव्हा हे लोक चॅट कुठे करत होते?”

मग त्यांनीच सांगितलं. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीला अपघात झाला आणि तिचा गाभा काही प्रमाणात वितळला. त्यानंतर चौकशी अहवाल, तांत्रिक लेख, पुस्तकं यांचा ढीग लागला, आणि त्या सगळ्यांत केंद्राचं नाव आद्याक्षरांत लिहिलं जायचं. थ्री माइल आयलंड. टीएमआय. माझा आलेख अगदी खरा होता, फक्त तो माझ्या शब्दाचा नव्हता.

हसून झालं की यातली गोष्ट वहीत लिहून ठेवा. यंत्र अक्षरं मोजतं, अर्थ मोजत नाही. आद्याक्षरांच्या बाबतीत तर हा धोका दुप्पट असतो, कारण तीन अक्षरांच्या एकाच जोडीत दहा वेगळ्या गोष्टी राहू शकतात. रेष वर गेलेली दिसली की तिथली निदान ५० वाक्यं उघडून स्वतः वाचायची. मी एक जरी वाचलं असतं तरी वाचले असते.

आधी वाक्प्रचार, मग आद्याक्षरं

त्यानंतर मी उलट दिशेने निघाले. आद्याक्षरं बाजूला ठेवली आणि तीन शब्दांचा अख्खा वाक्प्रचार शोधायला लागले. तिथे आणखी एक गंमत कळली. ‘टू मच इन्फर्मेशन’चा जुना अर्थ वेगळाच होता. त्यात कुणाच्या खासगी आयुष्याचा संबंध नव्हता, तक्रार होती ती माहितीच्या पुराची.

बर्ट्रम ग्रॉस या अभ्यासकाने १९६४ मध्ये संस्थांच्या व्यवस्थापनावरच्या पुस्तकात ‘इन्फर्मेशन ओव्हरलोड’ ही कल्पना मांडली, आणि १९७० मध्ये आल्विन टॉफलरच्या ‘फ्यूचर शॉक’ने ती घरोघरी पोहोचवली. डोक्यात मावेल त्यापेक्षा जास्त माहिती येऊन आदळते आणि माणूस गोंधळतो, हा त्याचा गाभा. ‘द पोलिस’ या ब्रिटिश बँडच्या १९८१ च्या ‘घोस्ट इन द मशीन’ अल्बममध्ये ‘टू मच इन्फर्मेशन’ याच नावाचं गाणं आहे, तेही याच अर्थाचं. तिथे माहिती जगाकडून येते आणि माणूस तिच्याखाली दबतो.

आपल्या ओळखीच्या अर्थात मात्र माहिती एका माणसाकडून येते, ती त्याच्या शरीराची, अंथरुणाची, संडासाची किंवा भांडणाची असते, आणि ऐकणारा हात वर करून म्हणतो, पुरे. हा अर्थ १९९० च्या दशकातल्या अमेरिकन बोलण्यात चांगला रुळलेला दिसतो. १९९४ चा ‘पल्प फिक्शन’ पाहिला असेल तर आठवून बघा. एक पात्र आपण बाथरूमला का चाललोय ते गरजेपेक्षा जास्त मोकळ्या शब्दांत जाहीर करतं, आणि समोरची बाई थंडपणे सुचवते की एवढं कळण्याची गरज नव्हती. प्रेक्षकाला विनोद लगेच कळतो, याचा अर्थ असं झटकून टाकणं तेव्हा ओळखीचं होतं. पण या प्रसंगामुळे वाक्प्रचार जन्मला, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका. ‘हाती लागलेला जुना पुरावा’ आणि ‘जन्म’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्हायव्हात बरेच जण याच फटीत पडतात.

‘इंटरनेटची बोली’ या शिक्क्याबद्दलही थोडं सावध राहा. ‘ओएमजी’ घ्या. सगळ्यांना वाटतं ते मोबाइलवर जन्मलं. पण ब्रिटिश नौदलातले निवृत्त अॅडमिरल लॉर्ड फिशर यांनी १९१७ मध्ये चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ही आद्याक्षरं आहेत, तीही फोड करून. म्हणजे इंटरनेटने हे शब्द घडवले असं प्रत्येक वेळी नसतं. अनेकदा त्याने हाताशी असलेला शब्द उचलला आणि त्याला नवं काम दिलं. आपला प्रश्न मग असा होतो: टीएमआयला कोणतं काम मिळालं?

‘जास्त’ म्हणजे किती?

नावातच ‘टू मच’ आहे, म्हणून आपण समजतो की तक्रार प्रमाणाची आहे. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांचा १९७५ साली छापलेला संभाषणावरचा निबंध तुमच्यापैकी भाषाशास्त्रवाल्यांनी वाचला असेल. संवादात आपण काही अलिखित नियम गृहीत धरतो, त्यातला एक प्रमाणाचा: लागेल तेवढं सांगा, त्याहून जास्त नको. वरवर पाहता टीएमआय म्हणजे हा नियम मोडल्याची शिट्टी.

आता एक प्रयोग करा. तुमच्या काकांनी लग्नाला येताना कोणत्या स्टेशनवर गाडी किती मिनिटं थांबली ते २० मिनिटं सांगितलं. माहिती खूप झाली. तुम्ही त्यांना टीएमआय म्हणाल का? नाही. तुम्ही म्हणाल, काका पाल्हाळ लावतात. तेच काका पंगतीत शेजारी बसून फक्त चार शब्द बोलले, “मूळव्याध पुन्हा उपटलीय रे,” तर? चारच शब्द, तरी जास्त झाले.

म्हणजे हा शब्द प्रमाण मोजत नाही. तो जागा मोजतो. हेच वाक्य डॉक्टरांच्या खोलीत अगदी पुरेसं, उलट थोडं कमीच. घरात बायकोला सांगितलं तर रोजचं. पंगतीत पुतण्याला सांगितलं की जास्त. माहिती तीच, सांगणारा तोच, बदललं ते नातं आणि ठिकाण. हेलन निसेनबॉम या अभ्यासिकेने २००४ मध्ये खासगीपणाबद्दल जी मांडणी केली ती नेमकी हीच. तिचं म्हणणं थोडक्यात असं: माहिती गुप्त की उघड एवढं विचारून भागत नाही. ती कोणत्या संदर्भात दिली गेली आणि तिथल्या रिवाजाप्रमाणेच पुढे गेली का, ते बघावं लागतं. रिवाज मोडून वाहिली की खासगीपणा मोडला.

भिंती पडल्या तेव्हा

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९५६ मध्ये माणसाच्या रोजच्या वागण्याला नाटकाची उपमा दिली होती. रंगमंचावर एक वागणं, पडद्यामागे दुसरं. हे चालतं कारण मध्ये भिंत असते. १९८५ मध्ये जोशुआ मेरोविट्झ यांनी दाखवलं की टीव्हीसारखी माध्यमं ही भिंत झिजवतात. पूर्वी वेगवेगळ्या खोल्यांत असलेले प्रेक्षक ती एकाच खोलीत आणून बसवतात. यात इंटरनेट अजून आलेलंच नाही, हे लक्षात घ्या.

ते आलं तेव्हा काही जणांनी भिंत स्वतःच्या हाताने पाडली. जस्टिन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने स्वॉर्थमोर कॉलेजात असताना, १९९४ च्या जानेवारीत, आपलं वेबपान सुरू केलं आणि पुढे त्यावर घरचं, मनाचं, प्रेमाचं सगळं लिहीत गेला. १९९६ मध्ये डिकिन्सन कॉलेजच्या जेनिफर रिंगली हिने हॉस्टेलच्या खोलीत कॅमेरा लावला. दर काही मिनिटांनी खोलीचं एक चित्र जगभर जायचं. ‘जेनिकॅम’ हे त्याचं नाव. २००३ च्या अखेरीला तिने ते बंद केलं. या दोघांनी खूप सांगितलं, पण निदान आपण कुठे उभे आहोत हे त्यांना ठाऊक होतं.

बाकीच्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथे आहे. युजनेट हे चर्चागटांचं जाळं १९८० पासून चालू होतं. लोक तिथे लिहायचे ते गटातल्या शे-दोनशे ओळखीच्या नावांसाठी. लिहिलेलं काही दिवसांनी सर्व्हरवरून निघून जाणार, हीच समजूत. १९९५ मध्ये ‘डेजा न्यूज’ नावाची सेवा आली आणि तिने हे सगळं साठवून शोधता येईल असं करून ठेवलं. २००१ मध्ये तो साठा गूगलने विकत घेतला. मधल्या काळात लोकांनी एक उपाय काढला. संदेशाच्या माथ्यावर एक ओळ टाकायची, ‘एक्स-नो-आर्काइव्ह: येस’. म्हणजे, हे साठवू नका. ही ओळ मला फार महत्त्वाची वाटते. लिहिणारा जाहीर ठिकाणीच लिहितोय, तरी सांगतोय की हे इथल्यांसाठी, आत्तापुरतं आहे.

दुसरा प्रसंग फेसबुकचा. ५ सप्टेंबर २००६ ला त्यांनी न्यूज फीड आणलं. तोपर्यंत मित्राचं काय चाललंय ते बघायला त्याच्या पानावर जावं लागायचं. आता प्रत्येक बारीकसारीक बदल सगळ्या मित्रांच्या पुढ्यात आपोआप येऊन पडू लागला. विद्यार्थी भडकले. निषेधासाठी फेसबुकवरच गट निघाला आणि काही दिवसांत त्याला लाखो सदस्य मिळाले. कंपनीचं म्हणणं होतं की एकही नवी गोष्ट उघड झालेली नाही, जे आधी दिसत होतं तेच दिसतंय. ते खरंही होतं! माहिती तेवढीच होती, फक्त ती वाहण्याची वाट बदलली होती. ‘टू मच’चा हिशेब प्रमाणावर चालत नाही याचा याहून स्वच्छ पुरावा मला अजून मिळालेला नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, वेबस्टर्स न्यू वर्ल्ड या अमेरिकन शब्दकोशाने ‘ओव्हरशेअर’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. २०१४ मध्ये ब्रिटनच्या चेंबर्स शब्दकोशानेही तोच निवडला. मधल्या काळात अॅलिस मार्विक आणि डॅना बॉइड यांनी ट्विटर वापरणाऱ्यांच्या अभ्यासातून ‘संदर्भांची पडझड’ ही कल्पना पुढे आणली. आई, बॉस, जुनी मैत्रीण आणि अनोळखी माणूस एकाच वेळी ऐकत असतील तर बोलायचं कुणाशी, हा तो प्रश्न.

‘ओव्हरशेअर’ आणि ‘टीएमआय’ यांतला एक फरक बघा. ओव्हरशेअर हे क्रियापद सांगणाऱ्याच्या डोक्यावर दोष ठेवतं: ती फार सांगते. भिंत कुणी पाडली, ते या शब्दात दिसत नाही.

एक शब्द, तीन वापर

टीएमआय मात्र इतका सरळ राहिला नाही. आज तो निदान तीन प्रकारे वापरला जातो, आणि तुम्ही शब्दाचा इतिहास लिहिणार असाल तर ते वेगवेगळे नोंदवायला हवेत.

पहिला ऐकणाऱ्याचा: पुरे कर. हा जुना वापर.

दुसरा सांगणाऱ्याचा. गरोदरपण, पाळी, पोटाचे आजार यांवरच्या इंग्रजी चर्चागटांत एखादी बाई लिहायला सुरुवात करते तीच मुळी ‘टीएमआय असेल तर सॉरी, पण…’ अशी. इथे शब्द वाक्याच्या शेवटून सुरुवातीला आला आणि त्याचं काम उलटलं. आधी तो दार लावत होता, आता दार वाजवतोय. ‘पुढे शरीराबद्दल स्पष्ट लिहिलंय, ज्यांना चालेल त्यांनीच वाचा’ असं तो सांगतो. आणि वाचणाऱ्या बायका बहुतेक वेळा उत्तर देतात, इथे टीएमआय वगैरे काही नसतं गं, विचार.

तिसरा वापर कोरियातून आला. तुमच्यात के-पॉपचे चाहते असतील तर त्यांना विचारा. कोरियन बोलीत टीएमआय म्हणजे गायकाने चाहत्यांना दिलेला छोटासा खासगी तपशील: आज सकाळी काय खाल्लं, कोणत्या रंगाचे मोजे घातलेत. ‘आजचा टीएमआय सांगा’ अशी फर्माइश केली जाते. बोच पूर्णपणे गेली, उरला तो आपलेपणा. माहिती निरुपयोगी आहे हेच तिचं मोल.

नकार, परवानगी, भेट. शब्द एकच. तीनही ठिकाणी तो एकच काम करतो, कोण आत आणि कोण बाहेर ते ठरवण्याचं.

आपल्याकडचा चव्हाटा

मराठीत याला काय म्हणायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. नेमका शब्द नाही, पण शेजारचे आहेत, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. आपण म्हणतो, घरातलं चव्हाट्यावर आणलं. आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. टीएमआयमध्ये त्रास होतो तो ऐकणाऱ्याच्या कानांना. चव्हाट्यात जाते ती घराची अब्रू. एकात ऐकणारा स्वतःला वाचवतो, दुसऱ्यात कुटुंब स्वतःला वाचवतं. आणि दोन्हींत जिच्यावर बेतलंय ती बोलायची थांबते, हे साम्य विसरू नका.

‘जास्त’ ठरवतो कोण, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, चालवलं. वाचक त्यांना लैंगिक आयुष्याबद्दलचे प्रश्न पत्राने विचारायचे आणि कर्वे ते प्रश्न उत्तरांसह छापायचे. या प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये तो चालला तेव्हा कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. न्यायालयाच्या लेखी ती माहिती नको तेवढी होती. ज्याने भीत भीत पोस्टकार्ड लिहिलं, त्याच्या लेखी ती पहिल्यांदाच पुरेशी मिळाली असणार. तेव्हा इंटरनेटही नव्हतं आणि आपला शब्दही नव्हता, पण भांडण तेच होतं.

म्हणून ‘लोक हल्ली फार सांगतात’ हा निष्कर्ष घेऊन अभ्यासाला बसू नका. कोण, कुणाला, कुठल्या भरवशावर सांगतंय ते आधी बघा.

आता ती दुसरी चूक

हे सगळं मला आज कळतंय. त्या सेमिनारच्या दिवशी माझ्या नवव्या स्लाइडवर या दुसऱ्या वापराचं उदाहरण होतं. एका खुल्या चर्चागटावरची पोस्ट. बाळंतपणानंतरच्या शरीराच्या एका त्रासाबद्दल एका बाईने लिहिलं होतं. सुरुवात, ‘टीएमआय असेल तर सॉरी’. मी तिचं टोपणनाव काढून टाकलं होतं, आणि वाक्यं जशीच्या तशी ठेवली होती. अवतरण अचूक असावं, असंच आपल्याला शिकवलेलं असतं ना.

चहाच्या वेळी ती ज्युनियर मुलगी आली आणि तिने मोबाइल पुढे केला. स्लाइडवरचं एक वाक्य तिने सर्चमध्ये टाकलं होतं. मूळ पोस्ट सापडली. तेच टोपणनाव त्या बाईने दुसऱ्या एका साइटवर वापरलं होतं, तिथे तिचा फोटो होता, बाळासकट. “अर्धा मिनिटसुद्धा नाही लागला, ताई,” ती म्हणाली.

खोलीत चाळीसेक माणसं होती. त्यातल्या कुणालाही हे करता आलं असतं. त्या बाईने दार वाजवून, माफी मागून, तिच्यासारख्या आयांना एक गोष्ट विचारली होती. मी ती उचलून प्रोजेक्टरवर लावली. ओव्हरशेअर तिने केलं नव्हतं. ते मी केलं होतं.

‘पण पोस्ट तर पब्लिक होती’ हा बचाव माझ्याही तोंडावर आला. तो जुना आहे आणि महागात पडलेला आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले सर्च जाहीर केले. नावं काढून क्रमांक दिले होते. काही दिवसांतच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी नुसत्या शोधलेल्या शब्दांवरून एका वयस्क बाईचं घर गाठलं. २००८ मध्ये काही समाजशास्त्रज्ञांनी एका अमेरिकन विद्यापीठातल्या सुमारे १,७०० विद्यार्थ्यांची फेसबुक माहिती विदा म्हणून प्रसिद्ध केली, विद्यापीठाचं नाव झाकून. ते हार्वर्ड आहे हे मायकल झिमर यांनी थोड्याच दिवसांत ओळखलं, तेही मूळ विदा न उघडता, सोबतच्या वर्णनावरून. २०१६ मध्ये ‘ओकेक्युपिड’ या डेटिंग साइटवरच्या जवळपास ७०,००० लोकांची माहिती प्रसिद्ध करणाऱ्यांनीही हेच म्हटलं होतं, की ती आधीच उघड आहे.

कायदा इथे आपल्याला पूर्ण सोडवत नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. त्यासाठी दिलेलं उदाहरणसुद्धा समाजमाध्यमावर लिहिणाऱ्या एका बाईचंच आहे. म्हणजे माझी नववी स्लाइड बहुधा कायदेशीर ठरली असती. पण २४ ऑगस्ट २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींसमोर जो विचार मांडला आणि स्वीकारला गेला, त्यात असंही आहे की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, तो माणसाबरोबर असतो. कायद्याने चालेल आणि संशोधक म्हणून चालेल, यांत अंतर आहे. ते आपल्यालाच भरून काढायचंय.

मग करायचं काय?

मी आता जे करते ते सांगते. तुमच्या विषयाप्रमाणे त्यात बदल करा.

कोणतंही जसंच्या तसं अवतरण वापरण्याआधी ते वाक्य स्वतः सर्चमध्ये टाकायचं. माणूस सापडला तर ते वाक्य वापरायचं नाही. आशय आपल्या शब्दांत मांडायचा. मराठीत लिहिणाऱ्यांना इथे एक सोय आहे: इंग्रजी पोस्टचा मराठी गोषवारा दिला की मूळ वाक्य शोधणं अवघड होतं. अशक्य होत नाही, हे ध्यानात ठेवा. मूळ पोस्ट मराठी असेल तर जास्त काळजी, कारण आपलं जग छोटं आहे आणि वाचणारा कदाचित तिचा दीर असेल.

नोंदींच्या एक्सेल शीटमध्ये तारीख, साइट, शब्द, अर्थ यांच्या शेजारी मी एक रकाना वाढवलाय: ‘कुणाला उद्देशून?’ तो भरता आला नाही तर मी ती नोंद पुढे नेत नाही. या रकान्याने माझा अभ्यासही सुधारला, हे मला अनपेक्षित होतं. नकार, परवानगी आणि भेट हे तीन वापर मला आलेखातून दिसलेच नव्हते. ते दिसले या रकान्यामुळे.

लिंका आणि टोपणनावं वेगळ्या फाइलीत, पासवर्डखाली. आणि तुमच्या विद्यापीठात नैतिकता समिती असेल तर ‘माझी माणसं नाहीत, मजकूर आहे’ म्हणून तिला टाळू नका. मजकूर माणसाचाच असतो. इंटरनेट संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२, २०१२ आणि २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती सिनॉप्सिस देण्याआधी वाचा.

एका गोष्टीचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. त्या बाईला मी कळवायला हवं होतं का? कळवलं असतं तर तिला समजलं असतं की एक अनोळखी मुलगी तिची पोस्ट वाचत होती, आणि ती चाळीस लोकांनी पाहिली. नाही कळवलं तर ती निर्धास्त राहिली, पण तिच्या पाठीमागे. मी मेसेज तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. शेवटी पाठवला नाही. स्लाइड काढली, विभागाच्या ड्राइव्हवरची फाइल बदलली, आणि ज्यांना प्रत मेल केली होती त्यांना ती पुसायला सांगितलं. गाईड सर म्हणाले, प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात हे लिही. लिहिलंय. दीड पान झालंय.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, हे मला खरंच ऐकायचंय. पुढच्या लेखात ‘ट्रोल’ या शब्दाकडे वळू. तिथे आलेख आधी तपासून ठेवलाय, काळजी नसावी.